गर्दीची जागा

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, दिवसाही दिवे लावावे लागतात अशा एका लांबट खोलीत धाकटीची एकवीस वर्षं गेली होती. दोन बहिणींतली लहान म्हणून ती धाकटी, आणि सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी ते काही सुटलं नव्हतं. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला चिवट होतं. वरच्या मजल्यांवर डॉक्टर कुणाच्या तरी शरीरातून तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढत. ते खाली येत, मेणात बसवले जात, आणि त्या मेणाच्या ठोकळ्याचे धाकटी यंत्रावर काप काढी. काप किती पातळ? आपल्या डोक्यावरचा एक केस घ्या आणि त्याच्या जाडीचे वीस भाग करा. त्यातला एक. असा काप कोमट पाण्यावर सायीसारखा तरंगे. धाकटी त्याच्याखाली काच घालून त्याला अलगद उचली, रंग देई आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवी.

"मॅडम, तुम्ही श्वास घेता तरी का हो?" शेजारच्या टेबलावरचा तंत्रज्ञ विचारायचा. उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणत. "काप उचलताना तुमची छाती हललेली मी कधी पाहिली नाही."

"तू दोन माणसांचा घेतोस ना, मग कुणीतरी कमी घ्यायला नको?"

खोलीच्या प्रमुख डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई कमी बोलत आणि कौतुक त्याहून कमी करत. पण नव्या मुलामुलींना काम शिकवायचं झालं की त्या धाकटीच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणत, "तिथे उभे राहा आणि बघा."

अशा हाताची ही धाकटी. तिनं हजारो अनोळखी बायकांच्या काचा पाहिल्या होत्या. सख्ख्या बहिणीची मात्र एकही पाहिली नव्हती.

ताई शिवणकाम करायची. पडदे, अभ्रे, कुणाचे घट्ट झालेले कपडे सैल करून दे, सैल झालेले घट्ट करून दे. भाऊजी गेले त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून ती, तिची मुलगी आणि मशीन अशा तिघी दोन खोल्यांत राहत. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तेव्हा ताईनं ते कुणाला सांगितलं नाही. आठ महिने सांगितलं नाही. आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या धाकटीनं, जिचा सगळा दिवस गर्भाशयाच्या मुखाच्या तपासण्यांत जायचा, एकदाही म्हटलं नव्हतं की ताई, तुझीही करून घेऊ. पाच मिनिटांचं काम होतं ते. नंतर या पाच मिनिटांवर धाकटी कितीतरी तास घालवायची.

किरणांचे उपचार झाले, औषधं झाली, एक वर्ष बरं गेलं. मग गाठ परत आली.

ताईच्या मुलीचं नाव शाळेच्या हजेरीत वेगळं होतं, पण घरात ती चौकशी. वय वर्षं अकरा. उत्तर मिळालं की ती गप्प बसत नसे. उलट तिथून तिची खरी सुरुवात होई.

"मावशी, आईच्या पोटातली गाठ काय खाते?" एका संध्याकाळी तिनं विचारलं. ताई पलीकडे मशीनवर बसली होती. पाय चालत नव्हते, नुसतीच बसली होती.

धाकटीनं ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "सांग. मला विचारून विचारून तिनं माझा भुगा केलाय."

"तू जे खातेस तेच गाठ खाते," धाकटी म्हणाली. "आपल्या रक्तातून येतं ते. ऐक. आपल्या शरीरात प्रत्येक पेशीला ब्रेक असतो, आता वाढू नकोस म्हणून सांगणारा. एक विषाणू असतो, तो बहुतेक बायकांच्या शरीरात येतो आणि आपला आपण निघून जातो. एखादीत मात्र वर्षानुवर्षं ठाण मांडतो आणि तो ब्रेक तोडून टाकतो. मग पेशी वाढत सुटतात."

"किती मोठ्या?"

"सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढ्या. आणि तिथे त्यांचं अडतं. कारण आतल्या पेशींपर्यंत रक्तच पोहोचत नाही. त्या गुदमरतात. गुदमरल्या की हाक मारतात."

"तोंड असतं त्यांना?"

"तोंड नसतं. त्या एक पदार्थ सोडतात. तो आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातो आणि म्हणतो, इकडे या. मग त्या वाहिनीला कोंब फुटतो, बटाट्याला फुटतो तसा, आणि तो हाकेच्या दिशेनं वाढत जातो. असे खूप कोंब आले की गाठीला खायला मिळतं. आणि तो विषाणू इतका लबाड की गाठ गुदमरली नसली तरी तिला हाक मारायला लावतो."

चौकशीनं थोडा विचार केला. "आणि हाक मारली की लगेच येतात? मला तर आई दहा वेळा हाक मारते तेव्हा मी जाते."

"पंधरा," मशीनवरून आवाज आला.

"त्या हाकेला नाव आहे?"

"व्हीईजीएफ."

"हे कसलं नाव?"

"शास्त्रज्ञांना नाव ठेवता येत नाही गं, एकमेकांना नावं ठेवता येतात."

ताई हसली. हसताना तिनं पोटावर हात दाबला. चौकशीनं ते पाहिलं आणि पुढचा प्रश्न जरा हळू विचारला. "मग ती हाक बंद नाही करता येत?"

"एक औषध आहे. ते हाक वाटेतच पकडतं. बाहेरच्या वाहिनीला काही ऐकूच जात नाही. आमच्याकडे त्याचा एक अभ्यास चाललाय. इथे ते औषध त्या अभ्यासातूनच मिळतं. कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवतील."

"आईला द्या," चौकशी म्हणाली, आणि विषय संपल्यासारखी दप्तर आवरायला लागली.

आता त्या अभ्यासातली मोजणी कशी चाले ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

गाठीच्या कापाला एक खास रंग देत. त्यानं रक्तवाहिन्यांचं अस्तर तपकिरी होई, बाकी सगळं फिकट निळं राही. आधी कमी ताकदीच्या भिंगातून काच इकडून तिकडे फिरवायची आणि तपकिरीची सर्वांत जास्त गर्दी कुठे आहे ते शोधायचं. बरी दिसणारी किंवा मधली जागा चालत नाही, गर्दीचीच जागा लागते. तिथे काचेवर शाईचा ठिपका द्यायचा, मग ताकद वाढवायची आणि एक एक वाहिनी मोजायची. एखादी एकटी तपकिरी पेशी भरकटल्यासारखी दिसली तरी तिलाही एक धरायचं, कारण तीच उद्याची वाहिनी. कापाची कड आणि दुमडलेला भाग तेवढा सोडायचा, कारण तिथे रंग उगाच साचतो.

प्रत्येक काच दोघांनी मोजायची. दुसऱ्यानं आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पहिल्याचा ठिपका पुसायचा आणि आपली जागा आपण शोधायची. काचेवर नाव नसे, नुसता क्रमांक. आणि आकड्याचं पुढे वर काय होतं हे मोजणाऱ्यांना मुद्दाम सांगत नसत, म्हणजे मोजताना मन कुठे झुकायला नको. नात्यातल्या कुणाची काच आहे असं कळलं तर ती बाजूला ठेवून मोठ्या बाईंना सांगायचं, असंही नियमांच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं.

ताईची काच आली तेव्हा धाकटीनं क्रमांक पाहिला आणि ओळखला. लिफ्टमधून जाताना ताईची फाइल तिच्याच हातात होती, आणि तिच्यावर हाच क्रमांक होता. तिनं काच उचलून बाजूला ठेवली. बाईंच्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाई चष्मा कपाळावर चढवून काहीतरी वाचत होत्या. पंधरा पावलं असतील. धाकटी उठली नाही. आपल्या माणसाचं आपण पाहायचं नाही तर कुणी पाहायचं, असं तिला वाटलं. आणि तिनं काच भिंगाखाली सरकवली.

तीन तुकडे होते. पहिल्या दोहोंत वाहिन्या बेताच्या होत्या. तिसऱ्याच्या डाव्या अंगाला तिची नजर गेली आणि अडकली. तिथे तपकिरी जाळं होतं, वेडंवाकडं, एकात एक घुसलेलं, धड भिंती नसलेल्या वाहिन्यांचा नुसता गुंता. एकवीस वर्षांच्या नजरेला ते कळायला एक क्षण पुरे होता. पण त्याच क्षणी तिच्या मनानं म्हटलं, इथे काप दुमडलाय. कडेजवळ आहे. रंग साचलाय. ही जागा धरायची नसते.

तिनं काच उजवीकडे सरकवली. मधल्या भागात जरा बरी गर्दी दिसली, तिथे ठिपका दिला, ताकद वाढवली आणि मोजायला लागली. मोजलं मात्र तिनं काटेकोर, एकट्यादुकट्या पेशीही सोडल्या नाहीत. एकतीस. शेजारी अठ्ठावीस, पलीकडे चौतीस. सरासरी एकतीस. तिनं आकडा लिहून कागद पाकिटात बंद केला आणि तिचा जीव भांड्यात पडला. जास्त वाहिन्यांच्या गाठी आडदांड असतात, हे तिनं इतक्या वर्षांत शंभरदा ऐकलं होतं. ताईची तशी नव्हती.

दुपारी ती काच लांब्याकडे गेली. बोळा त्यानं हातात घेतला होता. पण ठिपका पाहून तो थबकला. तो ठिपका कुणाचा हे त्याला माहीत होतं. गोल, नेमका, मोहरीएवढा. अशा माणसानं शोधलेली जागा पुसून आपण नवी काय शोधणार? तरीही त्यानं काच एकदा फिरवली. डावीकडचं जाळं त्यालाही दिसलं. मॅडमनी सोडलंय म्हणजे दुमडलेलं असणार, असं म्हणून तो ठिपक्यापाशी परत आला आणि तिथेच मोजलं. तेहतीस.

दोन आकडे जुळले. कागद वर गेला.

त्या संध्याकाळी धाकटीनं सांगू नये ते ताईला सांगून टाकलं. "तुझ्यात कमी आहेत गं."

"काय कमी आहेत? अक्कल?"

"वाहिन्या."

"मग चांगलं ना?"

"चांगलंच," धाकटी म्हणाली.

आठवड्यानं दोघी डॉक्टरांच्या खोलीत बसल्या होत्या. डॉक्टर तरुण होते, पण बोलायचे सावकाश, समोरच्याला कळलं की नाही ते पाहत पाहत. "तुमची नेहमीची औषधं परवापासून सुरू करू," ते म्हणाले. "अभ्यासातलं ते नवं औषध मात्र तुम्हाला देता येणार नाही. ते हाक थांबवणारं औषध आहे. जिथे हाका खूप, वाहिन्या खूप, तिथेच त्याचा उपयोग होईल असं आम्ही धरून चाललोय. खरंच तसं आहे का, हेच तर तपासतोय. म्हणून पंचेचाळीसच्या वर आकडा असेल त्यांनाच देतो. तुमचा बत्तीस आलाय."

 टेबलावर एक पेन होतं, त्याचं टोपण उघडं होतं, एवढंच धाकटीला काही वेळ दिसत राहिलं.

"बरं झालं," ताई म्हणाली. "एक सलाइन कमी. माझ्या हाताला शिरा तरी कुठे उरल्यात टोचायला?"

ताईला घरी सोडून धाकटी परत आली. लांब्या जेवायला गेला होता. तिनं कपाटातून ती काच काढली, भिंगाखाली ठेवली आणि सरळ डावीकडे नेली. भिंगाचा बारीक पेच फिरवून पाहिला. दुमडलेल्या कापाचे दोन थर एका वेळी स्पष्ट दिसत नाहीत. एक दिसला की दुसरा धूसर होतो. इथे सगळं एकाच वेळी स्पष्ट होतं. काप सपाट होता. तिनंच उचललेला, तिनंच काचेवर पसरलेला, एकही सुरकुती नसलेला. कडही चांगली लांब होती. तिनं ओठ हलवत मोजलं. सत्तावन्न.

तिनं काच परत कपाटात ठेवली.

आणि ती बोलली नाही. याला कारणं होती, आणि माणूस कारणं शोधायला लागला की ती मिळतात. नेहमीची औषधं तर चालूच आहेत. लांब्याचाही आकडा जवळपास तोच आला होता, मग कदाचित आजचीच नजर चुकली असेल. आपण बोललो तर लांब्याही अडकेल, त्याची दोन पोरं लहान आहेत. अभ्यासातल्या चाळीस बायकांच्या काचा पुन्हा मोजाव्या लागतील, बाईंची मान खाली जाईल. एकेक कारण खरं होतं. या सगळ्यांच्या तळाशी मात्र एकच गोष्ट होती. बोललं तर ताईला सांगावं लागेल. असा एक महिना गेला.

त्या महिन्यात ताईचं रक्त जाणं वाढलं. आधी डाग, मग जास्त. एका रविवारी धाकटी चादरी धुवायला घेऊन बाहेर आली, तर मोरीच्या दारात चौकशी उभी.

"मावशी, तू म्हणालीस आईच्या वाहिन्या कमी आहेत."

"हो."

"आणि तूच सांगितलं होतंस की त्या वाहिन्या कच्च्या असतात, गळतात, म्हणून रक्त जातं."

"हो."

"मग कमी असून एवढं कसं जातंय?"

धाकटीच्या हातात चादर होती. तिनं ती बादलीत सोडली, नळ सुरू केला, पाणी वर येईपर्यंत पाहत राहिली. मुलीनं आवाज चढवला नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. गणित चुकलं की वहीवर डोकं खुपसून ती जशी बसायची, तशीच उभी होती.

"मी उद्या विचारून सांगते," धाकटी म्हणाली.

"कुणाला विचारणार? मोजलंस तर तूच."

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगावर कोट चढवायच्या आधी, धाकटी ती पंधरा पावलं चालून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. तिनं सगळं सांगितलं. ताईची काच आहे हे ओळखलं होतं, जागा दिसली होती, सोडली, नंतर पुन्हा पाहिली, गप्प बसले. लांब्याचं तिनं काही सांगितलं नाही. पण बाईंनी दोन्ही आकडे काढले, काच उजेडात धरली, धाकटीचाच ठिपका न पुसलेला पाहिला आणि त्यांना ते कळलं.

"खोटा आकडा लिहिलास?"

"आकडा खरा होता बाई. जागा खोटी होती."

बाईंनी चष्मा काढला. बराच वेळ त्या तो पुसत राहिल्या. "नवी पोरं तुझ्या टेबलाशी उभी करत होते मी," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. "आजपासून भिंगाला हात लावायचा नाही. काप काढ. मोजायचं नाही."

 निघताना लांब्या तिच्या टेबलापाशी येऊन थांबला. "मी पुसायला हवा होता तो ठिपका," तो म्हणाला. "तुमचा आहे म्हटल्यावर मला पुसवला नाही हो."

बाहेरून दोन माणसं आली आणि त्यांनी सगळ्या काचा मोजल्या. चाळीसपैकी एकोणचाळीस आकडे जवळपास तेच निघाले. एक बदलला. पंचावन्न.

बाईंनी स्वतः वर जाऊन कागद दुरुस्त करून घेतला. डॉक्टर म्हणाले, देऊ, पण आधी नवा स्कॅन. या औषधाआधी तो लागतोच.

स्कॅन झाला. पाच दिवसांनी डॉक्टरांनी धाकटीला एकटीलाच आत बोलावलं. भिंतीवरच्या दिव्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली होती. "हे महिन्यापूर्वीचं," ते म्हणाले. "गाठ आणि मूत्राशय, मध्ये जागा आहे. दिसतंय? आणि हे आताचं."

मध्ये जागा नव्हती.

"हे औषध नव्या वाहिन्या थांबवतं," ते सावकाश म्हणाले, "पण गाठीच्याच थांबवतं असं नाही. जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतात. तिथे आधीच किरणं दिलेली आहेत. आता गाठ मूत्राशयाच्या भिंतीत शिरलीय. औषध दिलं तर तिथे भोक पडेल आणि ते भरणार नाही. मला नाही देता येणार."

"महिन्यापूर्वी दिलं असतं तर?"

डॉक्टरांनी जुन्या चित्राकडे पाहिलं. "तेव्हा देता आलं असतं."

"किती फरक पडला असता?"

"एकाच बाईचं सांगता येत नाही. पूर्वी ज्यांना दिलंय, त्यांना सरासरी तीनचार महिने जास्त मिळाले. काहींना काहीच नाही. काहींना वर्षभर."

ताई बाहेर बाकावर बसली होती.  घरी आल्यावर पाणी प्यायली, पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "हं. आता ओक."

धाकटीनं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. ताई ऐकत होती. 

"तीनचार महिने," ताई म्हणाली.

"कदाचित."

"चाळीसजणींच्या मोजल्यास तू."

"हो."

"आणि एकच चुकली."

"हो, ताई."

"लहानपणापासून बघतेय तुला. मला काही लागलं की तू डोळे मिटून घ्यायचीस. गुडघा माझा फुटायचा आणि भिंतीकडे तोंड करून तू उभी." ताईनं डोळे पुसले नाहीत, पाणी येऊ दिलं. "मला राग आलाय. खूप आलाय. तुला वाटत असेल मी म्हणेन जाऊ दे, तर नाही म्हणणार मी. तीन महिने म्हणजे किती कपडे होतात माहितेय? तीन महिन्यांत पोरीला मशीन शिकवून झालं असतं."

"ताई..."

"गप्प बस. बस म्हणजे खालीही बस, उभी राहून माझी मान दुखवू नकोस." मग म्हणाली, "माझ्यामागे ती तुझ्याकडेच येणार आहे. दुसरं आहे कोण? म्हणून तिला तूच सांगायचंस. मी असताना सांगायचंस."

चौकशी शाळेतून आली. दप्तर ठेवलं, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बसली. धाकटीनं तिला सगळं क्रमानं सांगितलं, जसं ती नेहमी सांगायची. डावीकडचं जाळं, सरकवलेली काच, महिनाभराचं गप्प बसणं, मूत्राशय.

"म्हणजे आता हाक थांबवायचं औषध नाही मिळणार?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"तू चुकलीस म्हणून?"

धाकटीला ताईची नजर आपल्यावर आहे हे जाणवलं. "हो," ती म्हणाली.

चौकशीनं आणखी काही विचारलं नाही. तिच्या अकरा वर्षांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असेल. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. धाकटी उठायला लागली तसा ताईनं तिचा पदर धरला. "राहू दे. रागावली की तिला आधी एकटं बसायचं असतं. मग भूक लागते."

दिवेलागणीला दार उघडलं. चौकशीचे डोळे सुजले होते. ती मावशीकडे न पाहता टेबलापाशी आली. "आईच्या गोळ्या कुणाला माहीत आहेत?"

"मला," धाकटी म्हणाली.

"कुठली कधी, आणि किती उरल्यात. लिहून दे."

धाकटीनं वहीचं पान घेऊन लिहिलं. सकाळच्या दोन, दुपारची एक, दुखलं तर द्यायची पांढरी, प्रत्येकीपुढे उरलेल्या गोळ्या. तिनं पान पुढे केलं. चौकशीनं ते घेतलं, पण वाचलं नाही. पालथं घालून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि त्यावर पाण्याचा पेला ठेवला. मग औषधांचा डबा ओढून घेतला, पाकिटं एकेक करून बाहेर काढली, प्रत्येकावरचं नाव बोट ठेवून वाचलं आणि गोळ्या मोजायला लागली. फोडलेल्या खळग्यांवरून बोट पुढे सरके, भरलेल्यावर थांबे. ओठ हलत होते. मध्येच एकदा गोंधळली, तेव्हा विचारलं नाही, पहिल्यापासून मोजलं. सगळं झाल्यावर तिनं आपले आकडे आपल्या पानावर लिहिले आणि मगच पेला उचलून मावशीचं पान सुलटं केलं.

एकेक ओळ ती ताडून पाहत होती. धाकटी पलीकडे हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पलंगावर ताईनं भिंतीला डोकं टेकलं होतं, आणि डोळे उघडे ठेवून ती दोघींकडे पाहत होती.